सुरक्षित असाल तर एक दाबा

एकोणिसाव्या दिवशीही बाबांच्या नंबरवरून ‘एक’ दाबलं गेलं होतं!

धाकटा दारातूनच ओरडत आला. त्याच्या बुटांवर साबणाने न जाणारा राखेचा तेलकट काळा थर होता. बूट न काढताच त्याने तीन पावलांत ती सगळी खोली ओलांडली, आईच्या पुढ्यात गुडघे टेकले आणि तिचे दोन्ही हात घट्ट धरून तो म्हणाला, "आई, आजही! पाच वाजून दोन मिनिटांनी. मी स्वतः यादी बघून आलो. बाबा आहेत, आई... कुठेतरी आहेत!"

आईने नुसती मान हलवली. वणव्यापासून ती फारशी बोलतच नसे.

ताईने पाण्याचा पेला भरून भावासमोर धरला. त्याचा घसा सुकलेला होता, ओठांना भेगा पडल्या होत्या. पण त्याने पेल्याकडे पाहिलं, पेला धरणाऱ्या हाताकडे पाहिलं आणि मान फिरवली.

"आई, पाणी दे."

आईने तोच पेला ताईच्या हातून घेतला आणि त्याच्या हातात दिला. तो गटागटा प्यायला. ताईने रिकामा पेला उचलला, विसळला आणि पालथा घातला. हेही एकोणीस दिवस असंच चाललं होतं.

पलीकडून भिंतीवर टकटक झाली. "धाकट्या, खरंच का रे? आजही एक?" शेजारचे टेलरकाका. सरकारने दिलेल्या या घरांच्या भिंती इतक्या पातळ होत्या की काका म्हणत, "मी शिंकलो की तीन घरं पलीकडचा ‘जपा हो’ म्हणतो." पण सरकारने एक गोष्ट मोठ्या समजुतीने केली होती. जळालेल्या गल्लीत जी घरं ज्या क्रमाने होती, त्याच क्रमाने माणसांना इथे खाली मैदानावर खोल्या दिल्या होत्या. डाव्या हाताला टेलरकाका, उजव्या हाताला शाळेतल्या बाई, समोर बेकरीवाला. गल्ली तीच, माणसं तीच. फक्त सगळं एकसारखं पांढरं... आणि संध्याकाळी सगळे दारात उभे राहिले की आपण आपल्याच गल्लीचं स्वप्न बघतोय की काय, असं ताईला वाटे.

दुसरी गोष्ट होती तो फोन. राष्ट्रीय मदत केंद्रातून रोज संध्याकाळी पाचच्या सुमारास नोंदवलेल्या प्रत्येक नंबरवर फोन येई. एका बाईचा रेकॉर्ड केलेला, मऊ, न थकणारा आवाज म्हणे, "सुरक्षित असाल तर एक दाबा. मदत हवी असल्यास दोन दाबा." कुणीच काही दाबलं नाही, तर तीन दिवसांनी तो माणूस बेपत्तांच्या यादीत जाई आणि शोधपथक त्याच्या घराकडे निघे. साधी, चांगली पद्धत होती. त्या पद्धतीने सात म्हातारी माणसं वेळेवर सापडली होती.

बाबा बेपत्तांच्या यादीत नव्हते. त्यांच्या नावापुढे रोज लिहिलेलं असे : सुरक्षित. ठिकाण अज्ञात.

धाकटा दिवसातून दहा वेळा तो नंबर फिरवे. घंटा वाजत राही, वाजत राही... कुणी उचलत नसे. जुने टॉवर जळाले होते. चाकांवर आणून उभा केलेला एकच टॉवर आता सगळा भाग सांभाळत होता, त्यामुळे फोन कुठे आहे असं विचारलं की उत्तर मिळे, ‘याच टॉवरच्या टप्प्यात.’ म्हणजे इथेच... आजूबाजूलाच कुठेतरी!

"खालची सगळी केंद्रं झाली, दवाखाने झाले," धाकटा आईला म्हणाला. "आता वरचं रान राहिलंय. उद्या ती पथकाने बांधलेली मनाईची पट्टी ओलांडून पलीकडे जातो."

"तिथे जायला बंदी आहे," ताई न राहवून म्हणाली. "झाडं उभी दिसतात, पण मुळं आतून अजून जळताहेत. जमीन पोकळ झालीय, पाय ठेवलास तर..."

तो सावकाश वळला. एकोणीस दिवसांत पहिल्यांदाच त्याने तिच्याकडे सरळ पाहिलं.

"तू नको शिकवूस. तुला सोबत न्यायला दिलेलं माणूस तू मागे ठेवून आलीस... मी निदान शोधतोय तरी."

आईने पदराचं टोक तोंडात धरलं.

*

त्या दिवशी काय झालं होतं, ते ताईला मिनिटामिनिटाने आठवत होतं. ती पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत काम करी. आकडे लक्षात राहणं हा तिचा स्वभाव होता आणि आता तीच तिची शिक्षा झाली होती.

अकरा वाजता सरकारने डोंगरभागाची वीज बंद केली. वारा सुटला होता, तारांची ठिणगी पडून आणखी एक आग नको म्हणून. साडेबाराला गाव सोडण्याचा हुकूम आला. धाकटा घरं रिकामी करणाऱ्या स्वयंसेवकांत होता. घरातली माणसं निघाली की फाटकावर पांढरं फडकं बांधायचं, म्हणजे मागून येणारे जवान त्या घरात वेळ घालवणार नाहीत, असा नियम. तो आपल्या घराशी आला तेव्हा बाबा फाटकातच उभे होते. "आम्ही ताईच्या गाडीतून निघतोय," बाबा म्हणाले. "बांध फडकं. पुढे जा, लोक थांबलेत." धाकट्याने त्यांच्या डोळ्यांदेखत फडकं बांधलं.

मग बाबा आत आले आणि ताईला म्हणाले, "तुझ्या आईला दमा आहे, तू तिला घेऊन आत्ताच्या आत्ता निघ. मला धाकटा शेवटच्या ट्रकमधून नेतोय. आत्ताच बोलणं झालं." बाहेर पडताना ताईला फाटकावरचं फडकं दिसलं आणि तिला वाटलं, खरंच झालेलं दिसतंय बोलणं.

दुपारी दोन वाजता आकाश आधी पिवळं, मग तांबडं आणि मग काळं झालं. गाड्यांनी दिवे लावले. पाखरं जमिनीवर बसली होती, उडत नव्हती...

संध्याकाळी निवाऱ्याच्या हॉलमध्ये धाकटा आला आणि त्याने आधी आईला, मग ताईला, मग ताईच्या मागच्या रिकाम्या जागेला पाहिलं.

"बाबा कुठे आहेत?"

ताईला एका क्षणात सगळं कळलं. बाबा दोघांशी खोटं बोलले होते! का, ते कळलं नाही. पण तिने भावाचा उजवा हात पाहिला. ज्या हाताने फडकं बांधलं तो हात आपोआप थरथरत होता आणि तो पुटपुटत होता, "मी फडकं बांधलं, ताई... जवान फडकं बघून पुढे गेले असतील... मीच बांधलं..." त्याचे डोळे तिने असे कधी पाहिले नव्हते. या क्षणी याला धरायला काही मिळालं नाही, तर हा आत्ताच्या आत्ता त्या आगीत परत जाईल, किंवा जन्मभर आतल्या आत जळत राहील, हे तिला दिसलं. आणि तिच्या तोंडून शब्द निघून गेले.

"माझ्याबरोबरच यायचे होते. ते बॅग आणायला आत गेले... मी थांबले नाही. माझी चूक झाली."

आई शेजारीच बसली होती. आई त्याच गाडीत होती. हे खोटं आहे, हे तिला ठाऊक होतं. पण आईने खाली पाहिलं. ताईला वाटलं, धक्क्याने तिला काही कळतच नाहीये... किंवा कळतंय आणि तीही मनातून मलाच दोष देतेय. बाबांना बखोटीला धरून गाडीत का घातलं नाहीस, म्हणून!

धाकट्याचा हात थरथरायचा थांबला. त्याला रागवायला माणूस मिळालं होतं.

एवढंच असतं तर ताईने सोसलं असतं. पण तिच्या मनात एक गणित अर्धवट पडून होतं. गावातून उतरणारा रस्ता एकच. त्या रस्त्याकडेच्या आगीच्या नळांना वरच्या टाकीचं पाणी येई. वीज गेली म्हणजे पंप बंद. टाकी काठोकाठ भरलेली धरली, तरी इतके बंब लागल्यावर ती पाऊण तासात रिकामी व्हायला हवी होती. जवान मात्र सांगत होते, की पाणी चार वाजेपर्यंत येत होतं. पाऊण तासाचं पाणी तीन तास पुरलं होतं! लोक म्हणत, दैव. ताई रोज प्रयोगशाळेत वितळलेल्या नळांतल्या पाण्याचे नमुने तपासे, कोणत्या गल्लीचं पाणी पिऊ नये याचे कागद तयार करी आणि ते गणित पुढे सोडवत नसे. बाबा निवृत्त होण्यापूर्वी तीस वर्षं वरच्या पंपघरात होते, एवढी एक ओळ त्यात मांडायची राहिली होती... ती तिने मांडली नाही. कारण रोज संध्याकाळी कुणीतरी ‘एक’ दाबत होतं.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी सोबतीबाई प्रयोगशाळेत आल्या. वणव्यात सापडलेल्या प्रत्येक कुटुंबाला सरकारने एकेक अधिकारी नेमून दिला होता, त्याला ‘सोबती’ म्हणत. कागदपत्रं, औषधं, शाळा, जे काय लागेल ते त्या एका माणसाने बघायचं, लोकांना दहा खिडक्या फिरायला लावायचं नाही. धाकटा त्यांना चिडून ‘फाइलवाली’ म्हणे. बाई ठेंगण्या, चष्मेवाल्या होत्या आणि त्यांचा चष्मा सतत नाकावरून घसरे.

"तुमचे भाऊ आज सकाळी पट्टी ओलांडून आत गेलेत," त्या उभ्याउभ्याच म्हणाल्या. "पथक मागे पाठवलंय. पण मी वेगळ्याच कामासाठी आले. थोडं खाजगी विचारू? तुमचे वडील... घरच्यांवर रागावले होते का?"

"नाही. का हो?"

"सुरक्षित आहेत, पण भेटत नाहीत. अशी माणसं असतात. घर जळालं की काहींना वाटतं, आता सुटलो. म्हणून मी नोंदी मागवल्या." त्यांनी एक कागद टेबलावर ठेवला. "घंटा वाजल्यापासून किती सेकंदांत उत्तर आलं, ते यात असतं. बाकीच्यांचं बघा, वीस, तीस, पन्नास. तुमच्या वडलांचं रोज चार. कधी तीन. जणू काही फोन हातात धरूनच बसलेत."

ताईने कागद पाहिला. चार. चार. तीन. चार...

बाबांना फोनची घंटा दुसऱ्या हाकेला ऐकू येई. मग ते चष्मा शोधत. चष्मा डोक्यावर असे. मग "हा कुठलं बटण म्हणाला?" असं विचारत. बाबांनी उभ्या जन्मात चार सेकंदांत फोन घेतला नव्हता!

"हे बाबा नाहीत," ती म्हणाली.

"मग कोण?"

ताईने घड्याळ पाहिलं. सव्वाचार झाले होते. "मला घरी जाऊ द्या," ती म्हणाली. "उद्या सांगते. नाही... आजच सांगते."

*

खोलीत आई नव्हती. "वाळलेले कपडे काढायला गेलीय," टेलरकाका दारातून म्हणाले. "रोज याच वेळेला जाते. मी म्हटलं, वहिनी, राख पडतेय, कपडे धुण्याआधीच बरे होते. हसली नाही बिचारी."

वसाहतीच्या मागे वाळवणाच्या दोऱ्या होत्या आणि दोऱ्यांच्या पलीकडे थेट तो डोंगर सुरू होई. ताई तिकडे निघाली. हवेत पाखराचा आवाज नव्हता, किड्याचा नव्हता. कडेची झाडं जळून कोळसा झाली नव्हती, ती नुसती भाजून निघाली होती, आणि आगीच्या त्या वाऱ्यात त्यांची पानं ज्या बाजूला वळली होती त्याच बाजूला वळलेली, कडक होऊन राहिली होती. आज वारा उलट्या दिशेने वाहत होता. पण पानं हलत नव्हती. सगळं रान अजून त्या दिवसाच्याच वाऱ्यात उभं होतं...

चादरींच्या रांगांमधून तिला आईचे पाय दिसले.

आई उलट्या बादलीवर बसली होती. तिच्या मांडीवर बाबांचा जुना, बटणांचा फोन होता आणि ती दोन्ही हातांनी तो असा धरून बसली होती, जणू पाखराचं पिल्लू. फोन थरथरला. आईने तो कानाला लावला, डोळे मिटले आणि अंगठ्याने एक बटण दाबलं. मग मऊ आवाज थांबेपर्यंत ती तशीच ऐकत राहिली.

"आई..."

आईने डोळे उघडले. ती दचकली नाही. आपली मुलगी कधीतरी या चादरींच्या मधून येणार, हे तिला ठाऊक असावं.

"त्यांनीच दिला," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती पूर्ण वाक्य बोलत होती. "स्वयंपाकघरात. म्हणाले, वर रेंज नसते, तुझ्याकडे ठेव, खाली उतरलो की घेतो तुझ्याकडून."

"वर? कुठे वर, आई?"

"तुला माहीत आहे कुठे."

ताई आईशेजारी जमिनीवर बसली. जमीन कोमट होती. ती न मांडलेली ओळ आता आपोआप मांडली गेली होती आणि गणित सुटलं होतं.

"म्हणाले, वीज बंद केलीय, पंप थांबलाय, आणि सगळी माणसं त्या एका रस्त्याने उतरणार. जुनं डिझेलचं इंजिन माझ्याशिवाय कुणाच्याने सुरू होत नाही. मुलांना सांगू नकोस... ती परत फिरतील. मी हो म्हटलं. तुझ्या गाडीत बसले आणि सबंध रस्ताभर एक शब्द बोलले नाही. त्यांना मागे ठेवून तू नाही आलीस ग... मी आले! मी जाणूनबुजून आले!"

"मग त्या हॉलमध्ये... मी बोलले तेव्हा..."

"तू बोललीस तेव्हा माझ्या मनात काय आलं, सांगू?" आई थांबली नाही. "बरं झालं, असं आलं. आता मला कुणी काही विचारणार नाही, असं आलं! आईच्या मनात हे आलं. मग दुसऱ्या दिवशी हा फोन वाजला. एक दाबा, दोन दाबा. मी काय दाबायचं होतं? काही नाही दाबलं तर बेपत्ता लिहितात, मग शोधायला जातात, मग... सापडतात. मला ते सापडायला नको होते ग. जोवर मी एक दाबतेय, तोवर सरकारच्या कागदावर तरी ते आहेत ना? ती बाई रोज मला विचारते आणि मी रोज सांगते, आहेत. बास. एवढंच."

ताईला रडू येईना. तिच्या छातीत राग उसळून आला. एवढ्या दिवसांचा, प्रत्येक पेल्याचा, प्रत्येक फिरवलेल्या मानेचा राग!

"तो माझ्या हातचं पाणी प्यायला नाही, आई. तू बघत होतीस."

"बघत होते."

"रोज!"

"रोज," आई म्हणाली. तिने नजर खाली वळवली नाही, माफी मागितली नाही. फक्त आपला हात लेकीच्या गुडघ्यावर ठेवला आणि तो तिथे राहू दिला जातो का, याची वाट पाहत राहिली.

ताईने तो हात झटकला नाही. मग वसाहतीच्या पुढच्या बाजूला गाडीचा भोंगा वाजला आणि टेलरकाकांची हाक आली. "ताई! अग ताई! धाकट्याला आणलंय!"

*

त्याचा उजवा पाय घोट्यापासून नडगीपर्यंत भाजला होता. जळालेल्या मुळाच्या पोकळीत जमीन खचली आणि पाय आत गेला. पथक मागावरच होतं म्हणून पायावरच निभावलं. दवाखान्याच्या गाडीत डॉक्टरीणबाई पट्टी बांधत होत्या. सोबतीबाई दाराशी उभ्या होत्या.

"माझं सोडा, यादी बघितली का कुणी?" तो ओरडत होता. "आज दाबलं का बाबांनी?"

आई गाडीत चढली. तिने फोन त्याच्या छातीवर ठेवला.

"मी दाबलं," ती म्हणाली. आणि मग तिने सगळं सांगितलं, अगदी ‘बरं झालं’सुद्धा वगळलं नाही. डॉक्टरीणबाईंचे हात क्षणभर थांबले आणि मग अधिकच सावकाश चालू लागले.

धाकटा त्या फोनकडे बघत राहिला. दिवसातून दहा वेळा त्याने तो वाजवला होता. आणि तो एकाच खोलीत, त्याच्यापासून चार हातांवर, कपड्यांच्या घडीखाली मुक्याने थरथरत होता! त्याच्या घशातून हुंदका नव्हे, एक विचित्र आवाज निघाला. मग त्याने मान उचलून ताईला शोधलं. ती दाराबाहेरच उभी होती.

"तू का म्हणालीस तसं?"

"तुझा हात थरथरत होता."

"म्हणून?" त्याचे डोळे भरून वाहू लागले. "मी काय दोन वर्षांचा आहे का ग? मला एक माणूस दिलंस, घे, याचा द्वेष कर म्हणून... आणि मी केला! मनापासून केला, ताई! आता त्याचं काय करू मी?"

"राहू दे," ताई म्हणाली. "मला नाही येत रे तुझ्याशी भांडायला. पाय दुखतोय का?"

"मरणाचा दुखतोय," तो म्हणाला आणि लहानपणी रडे तसा तोंड वेडंवाकडं करून रडू लागला. ताई आत चढली. त्या चिंचोळ्या गाडीत तिघांना उभं राहायला जागा नव्हती, म्हणून डॉक्टरीणबाई खाली उतरल्या.

सोबतीबाईंनी चष्मा वर सारला. "उद्या सकाळी पथक पंपघराकडे जाईल," त्या हळूच म्हणाल्या. "आज रात्रीतच यादी बदलावी लागेल मला. नियमात याला शब्द नाही. मी ‘समजुतीतली चूक’ असं लिहिते. चालेल ना, आजी?"

आईने मान हलवली. फोन तिने परत घेतला नाही.

*

वाट मोकळी करायला पथकाला सकाळचे तीन तास लागले. लाल रंगाची खूण केलेली झाडं आधी पाडली, पावलापावलाला काठीने जमीन ठोकून पाहिली, जिथे पोकळ वाजली तिथे फळ्या टाकल्या. ते आधी एकटे वर गेले. परत येऊन पथकप्रमुखाने टोपी काढली आणि तो म्हणाला, "आहेत."

दोघांनाच वर नेता येईल, असं तो म्हणाला. धाकट्याला चालता येत नव्हतंच. तो खाली वळणावर, गाडीत पाय पसरून बसला आणि प्रमुखाने त्याच्या हातात एक वायरलेस दिला.

पंपघर दगडी होतं. भिंती उभ्या होत्या, छत खाली आलं होतं, आणि त्या छताच्या जागी आता वरून सरळ ऊन पडत होतं. इंजिनाच्या पलीकडे, भिंतीच्या कोपऱ्यात, पथकाने पांढरं कापड पसरलं होतं. कापडाखाली फार थोडं होतं. आई तिथे गेली आणि कापडाच्या कडेला मांडी घालून बसली. ती रडत नव्हती. कुणीतरी झोपलं असताना शेजारी बसावं, तशी ती बसली होती.

ताईला तिकडे बघवेना, म्हणून ती नळांकडे बघत राहिली. तिला नळांची भाषा समजत होती. मोठा नळ गावाकडे, रस्त्याकडे जाणारा. त्याच्या व्हॉल्व्हचं चाक पूर्ण उघडं, शेवटच्या आट्यापर्यंत. त्याच्या बाजूने एक बारीक नळी भिंतीवरून वर छताकडे गेली होती. आग आलीच तर पंपघरावर पाण्याचे फवारे सोडण्यासाठी ती बसवलेली होती. ती नळी उघडली असती, तर दगडी भिंतींच्या आत, ओल्या छताखाली, माणूस कदाचित...

त्या नळीचं चाक बंद होतं. ते नुसतं बंद नव्हतं. त्याच्या आऱ्यांमध्ये एक लांब पाना अडकवून ते घट्ट आवळलेलं होतं आणि आगीने पाना चाकाला चिकटून एकजीव झाला होता. गावाकडे जाणाऱ्या पाण्याचा जोर थेंबभरही कमी होऊ नये, म्हणून.

"काय बघतेस?" आईने मागून विचारलं. "ते काय आहे?"

ताईच्या जिभेवर उत्तर तयार होतं. हे चाक बंदच असतं, आई. नेहमीच. सोपं, मऊ, कुणालाही न दुखवणारं उत्तर... तिने तोंड उघडलं. तेवढ्यात प्रमुखाच्या कमरेच्या वायरलेसमधून खरखर आली आणि धाकट्याचा आवाज त्या बिनछताच्या खोलीत भरून राहिला.

"ताई? ताई, काय दिसतंय? खरं सांग."

तिने वायरलेस हातात घेतला.

"इथे छतावर पाणी सोडायची नळी आहे," ती सावकाश, एकेक शब्द वेगळा करत म्हणाली. "ती बाबांनी स्वतः बंद केली. पाना लावून आवळली. सगळं पाणी त्यांनी रस्त्याकडे सोडलं... स्वतःकडे काहीच ठेवलं नाही."

आईने ऐकलं. तिने कापडाची सुरकुती हाताने सारखी केली.

वारा आला. रानातलं एकही पान हललं नाही.

"मी याच वळणावर होतो," धाकट्याचा आवाज आला. तो इतका हळू होता, की ताईला वायरलेस कानाशी धरावा लागला. "शेवटच्या ट्रकमध्ये. आम्ही एकवीस जण. पुढे झाड पडलं होतं, दोन्ही बाजूंनी आग. बंबातलं पाणी संपलं होतं. जवानांनी रस्त्याकडेच्या या आगीच्या नळाला पाइप लावला आणि म्हणाले, याला आता कुठलं पाणी असणार... आणि पाणी आलं, ताई. आमच्या अंगावर दहा मिनिटं धो धो पाणी येत होतं. थंडगार. मी तोंड उघडून प्यायलो ग ते..."

आई उठली. तिने लेकीच्या हातातून वायरलेस घेतला, कुठलं बटण दाबायचं ते प्रमुखाला खुणेनेच विचारलं आणि तो तोंडाजवळ धरला.

"बाळा," ती म्हणाली, "तू तिथेच थांब. वर यायला बघू नकोस. आम्ही बाबांना खाली घेऊन येतोय."